लाकडाखालचे लाल शिकारी

आज सकाळी पॅटिओचं सरकतं दार उघडलं आणि खाचेत सात जण. मोजले मी. एका हातात चहाचा कप, पायात एकच सपात, आणि मी वाकून किडे मोजतेय. काळेभोर, तुकतुकीत, बोटाएवढे लांब, सगळे एकाच दिशेनं निघालेले. एकाला सपातेचं टोक लागलं तर त्यानं लगेच अंगाची चकली करून घेतली. आतून माझा नवरा श्रीकांत ओरडला, "अगं, दार लाव, येतील ना आत!" मी म्हटलं, येऊ देत. आता कुणाला घाबरायचंय?

डिसेंबर लागला की इथला हा पाऊस येतो. तसा सिंगापूरला पाऊस बारा महिने पडतो. दुपारी गडगडतो, तासाभरात मोकळा होतो. पण हा वर्षअखेरचा पाऊस चिवट. सकाळी लागतो तो संध्याकाळपर्यंत हटत नाही. टॉवेल वाळत नाहीत, पापड सादळतात, एलआरटी ट्रेनच्या डब्यात ओल्या छत्र्यांचा वास कोंडतो. आणि बुकित पंजांगच्या आमच्या कॉन्डोमागच्या झाडीतून ही मंडळी वर येतात. जमिनीत पाणी भरलं की त्यांचा जीव गुदमरतो, म्हणून येतात बिचारे. हे मला वैदेहीनं सांगितलं. किड्यांबद्दल मला जे म्हणून काही कळतं, ते सगळं वैदेहीनंच सांगितलेलं आहे.

इंग्रजीत मिलिपीड. आमच्या पुण्यात ह्याला पैसा म्हणायचे. वैदेही रत्नागिरीची, ती वाणी म्हणायची. "आले गं बाई वाणी," असं घरी पाहुणे आल्यासारखं म्हणायची. तिच्या नादानं मीही वाणीच म्हणायला लागले.

ती माझी शेजारीण. तळमजल्यावर आमची दारं लागून होती, पॅटिओच्या मध्ये फक्त कमरेएवढी जास्वंदीची रांग. नवरा एका कंपनीत इंजिनिअर, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेला. हिला त्याच्या जिवावर मिळालेला डिपेंडंट पास. तिकडे कॉलेजात पंधरा वर्षं प्राणिशास्त्र शिकवलेली बाई इथे येऊन डबे भरत होती आणि मुलीला शाळेच्या बसवर सोडत होती. कुठे पासाचं कार्ड दाखवायची वेळ आली की ती त्या 'डिपेंडंट' शब्दावर बरोबर अंगठा ठेवून कार्ड पुढे करायची. मी एकदा पाहिलं ते. तिला म्हटलं नाही काही.

आमची पहिली ओळखही अशाच पावसातली. मागच्या कुंपणापाशी ही बया रेनकोट घालून गवतात उकिडवी बसलेली. मला वाटलं कानातलं पडलं असेल. मी छत्री घेऊन गेले आणि विचारलं, "काही हरवलं का हो?" तिनं वरही बघितलं नाही. ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला. जेवतायत ते."

मी पाहिलं आणि मला शिसारी आली. कुजक्या ओंडक्याच्या कडेला एक वाणी पडला होता आणि त्याला लालभडक, शेंगदाण्याएवढे पाचसहा किडे चिकटले होते. सोंडा त्याच्या पेरांच्या सांध्यात खुपसलेल्या, सगळे गप्प. "शी!" मी म्हटलं. "शी काय?" ती म्हणाली. "पंगत आहे ती. एवढ्या कडक कवचाचा प्राणी, त्यातून विषारी रस सोडणारा. त्याला खाणं सोपं आहे होय?" मग तिनं एक वाणी हातावर घेतला, हळूच डिवचला आणि तळवा माझ्या नाकाखाली धरला. कडू, उग्र असा वास. तिच्या बोटांवर तपकिरी डाग पडले होते, ते दोन दिवस गेले नाहीत. त्या डागाळलेल्या हातांनी तिनं मला चहाला बोलावलं आणि त्या चहाच्या वेळी आम्ही अहोजाहो सोडून दिलं.

वाण्याला कोण खातं, हा वैदेहीचा विषय. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी तोंडावर हसले असते. पण तिच्याबरोबर बसून बघायला लागले आणि अक्षरशः वेड लागलं. गटाराच्या जाळीखाली एक थोराड बेडूक राहायचा, अंगावर सगळे फोड. तो वाणी एका दमात गिळायचा आणि मग डोळे मिटून घ्यायचा, औषध घेतल्यावर मुलं मिटतात तसे. झाडीतून रानकोंबडी यायची पिल्लं घेऊन. ती वाण्याला आधी गवतावर खसाखसा पुसायची, त्याचा रस निघून गेला की मग पिल्लांपुढे टाकायची. दयाळ पक्षी यायचा, पण तो लहान वाणीच उचलायचा, मोठ्यांच्या वाटेला जायचा नाही. वैदेही सगळं एका जाड वहीत लिहायची. दक्षिण अमेरिकेत म्हणे अशी माकडं आहेत, जी वाणी पकडून अंगाला चोळतात, त्या वासानं डास पळतात म्हणून. हे तिनं सांगितलं तेव्हा आम्ही दोघी इतक्या हसलो की तिची मिहिका बाहेर येऊन म्हणाली, "मम्मा, यू टू सो नॉइझी लाह!"

मी बँकेत कंप्लायन्सला आहे. म्हणजे दिवसभर लोकांना विचारायचं, हे तुम्ही वेळेवर का कळवलं नाही? तुम्हाला माहीत होतं तर लपवलं का? चांगल्या चांगल्यांना घाम फोडलाय मी. संध्याकाळी घरी येऊन त्या ओंडक्यापाशी बसलं की डोकं शांत व्हायचं. चाळिशीनंतर मैत्रीण मिळणं किती कठीण असतं, हे ज्यांना मिळत नाही त्यांनाच ठाऊक. नवऱ्यांच्या ओळखीतून बायका भेटतात, त्यांच्याशी शाळा, क्लास, तिकिटं एवढंच बोलणं होतं. वैदेही मला माझी माझी मिळाली होती. मला तिचा फार लळा लागला होता.

चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात तिला ओंडक्याच्या खालच्या अंगाला अंडी सापडली. त्या लाल शिकाऱ्यांची. असॅसिन बग म्हणतात त्यांना. आम्ही आपले शिकारीच म्हणायचो. मोठेपणी त्यांना पंख येतात, लहानपणी ते बिनपंखांचे आणि टोळीनं राहतात. युनिव्हर्सिटीतल्या एका प्रयोगशाळेत तिनं स्वतःहून पत्र पाठवलं होतं, आणि तिथल्या बाईंनी तिला बोलावून वही चाळली होती. त्या म्हणाल्या, ह्या जातीचं अंड्यापासून पंख फुटेपर्यंतचं सगळं आयुष्य, मोकळ्या जागेत, एकाच टोळीचं, रोजच्या रोज नोंदलेलं घेऊन या. मग इथे सहायकाची जागा आहे, तिचं बघू. जागा म्हणजे पास. तिच्या स्वतःच्या नावाचा, तिच्या स्वतःच्या कामाचा. त्या दिवशी ती एमआरटी मेट्रोतून मला फोन करून इतकी भरभर बोलत होती की मला निम्मं कळलंच नाही.

आणि डिसेंबरात तिच्या नवऱ्याच्या कंपनीनं त्याचं सगळं डिपार्टमेंट बंद करायचं ठरवलं. फेब्रुवारीअखेर शेवटचा दिवस. नोकरी गेली की पास गेला, पास गेला की तीस दिवसांत गाशा गुंडाळायचा. मिहिका तिसरीत होती, इथेच वाढलेली, तिला वडिलांच्या पुण्याचा उन्हाळा म्हणजे मे महिन्यातले आंबे एवढाच माहीत. नवरा रोज अर्ज पाठवत होता आणि रोज नकार येत होते. त्या घराला आता एकच आधार उरला होता, कुजक्या लाकडाखालचा. "नऊ जण आहेत गं," वैदेही मला म्हणायची. "चार वेळा कात टाकून झाली. एकदा टाकली की झालं. पंख."

जानेवारीत रत्नागिरीला तिच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. भाऊ दुबईत, आईला धरायला कुणी नाही. दहा दिवस जावंच लागणार होतं. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला ओंडक्यापाशी नेलं आणि त्याची कड कशी उचलायची, किती उचलायची ते तीनदा करून दाखवलं. "तुला बाकी काही करायचं नाही. सकाळी ऑफिसला जायच्या आधी एक फोटो. बस. तुझ्यावर सोडून जातेय म्हणून मी निर्धास्त आहे." मी म्हटलं, "अगं, तू जा. पोटच्या पोरांसारखी सांभाळते." असंच म्हटलं मी. हेच शब्द.

सहा दिवस मी इमानेइतबारे फोटो काढले. आणि सातव्या दिवशी माझ्याकडे हळदीकुंकू होतं.

आता हे कसं सांगू? इथल्या मराठी बायकांत संक्रांतीचं हळदीकुंकू ही साधी गोष्ट नसते. आदल्या वर्षी बिशान भागातल्या एकीनं केलं होतं, तिच्याकडच्या तिळाच्या वड्यांची चर्चा गणपतीपर्यंत चालली. ह्या वर्षी माझी पाळी. लिटिल इंडियातून हलव्याचे दागिने आणले होते, लुटायला स्टीलच्या डब्या आणल्या होत्या, पॅटिओवर रांगोळी काढून मागे जास्वंदीपाशी सगळ्यांचे फोटो काढायचे असा थाट ठरवला होता. तीस बायका, काळ्या साड्या, अनवाणी पाय. आणि त्या आठवड्यात पाऊस असा झोडपत होता की वाणी भिंतीवर, पायपुसण्यावर, एक तर थेट देव्हाऱ्याखाली. मला घाम फुटला. एक जरी कुणाच्या पदरावर चढला असता तर वर्षभर तेच. 'त्यांच्याकडे ना, काय किडे बाई!' मी कॉन्डोच्या ऑफिसात फोन करून फवारणीवाल्याला सकाळीच बोलावून घेतलं.

वयस्कर माणूस होता, पाठीवर टाकी. पुढचं सगळं फवारलं, खाचा, पायऱ्या. मग मला विचारलं, "बिहाइंड ऑल्सो, मॅडम?"

विचारलं त्यानं. हे मी स्वतःपासून कधी लपवू शकले नाही. त्यानं विचारलं, आणि मला ओंडका आठवला, वैदेही आठवली, आणि जास्वंदीपुढे उभ्या राहणाऱ्या तीस बायकाही आठवल्या. मनात म्हटलं, लाकडाच्या खाली काय जातंय औषध. मी म्हटलं, "ऑल्सो."

हळदीकुंकू झक्क झालं. "किती स्वच्छ ठेवलंयस गं," जी ती म्हणत होती. मी उखाणासुद्धा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कड उचलली. नऊच्या नऊ उताणे. त्यातला एक अर्धा कातीतून बाहेर आलेला होता. मऊ, फिकट, आणि पाठीवर दोन चुरगळलेल्या पाकळ्या. पंखच ते. दुसरं काय असणार? गटाराच्या जाळीखाली बेडूकही तसाच पडला होता. मी ओरडले नाही, रडले नाही. मी काय केलं, तर पाण्याचा पाइप लावला आणि सगळं धुऊन काढलं. ओंडका, गवत, जाळी. इतकं चोख काम मी ऑफिसातही केलं नसेल. मग वैदेहीला मेसेज टाकला, 'काल रात्रीपासून फार पाऊस. ओंडक्याखाली काही दिसत नाहीये. वाहून गेले की काय?'

प्रश्नचिन्हसुद्धा दिलं मी त्याला.

ती तीन दिवसांनी आली. टॅक्सीतून बॅग उतरवायच्या आधी मागे गेली. मी तिच्या मागे, तोंडाची टकळी चालूच, "अगं, काय सांगू, असा धो धो कोसळला..." ती गुडघ्यावर बसली, कड उचलली, लाकडाची ओली साल बोटानं खरवडली. मग म्हणाली, "हं. पाऊस." मिहिका तिच्या गळ्यात पडून म्हणाली, "नेव्हर माइंड, मम्मा. कॅन फाइंड अनदर वन लाह." वैदेहीनं तिच्या केसांतून हात फिरवला.

प्रयोगशाळेतल्या बाई सभ्यपणे म्हणाल्या, पुढच्या मोसमात पुन्हा करा. पुढचा मोसम हिनं आणायचा कुठून? मार्चात त्यांचं सामान खोक्यांत गेलं. सोफा कुणी नेला, मिहिकाचं टेबल कुणी नेलं. मी रोज त्यांच्याकडे डबा द्यायची. पोळ्या, दोन भाज्या, एकदा पुरणपोळ्या. ती म्हणायची, "किती करतेस गं." आणि मला वाटायचं, होतंय, फिटतंय हळूहळू. कसला मूर्खपणा.

एरवी मी स्वतःला समजावतेही. ती जागा तिला मिळालीच असती कशावरून? पास झाला असता कशावरून? नोकरी माझ्यामुळे थोडीच गेली तिच्या नवऱ्याची? ऑफिसात माझ्यासमोर बसलेली माणसं अगदी ह्याच चालीवर बोलतात. मी त्यांचं ऐकून घेते आणि पुढचा प्रश्न विचारते.

वाणी दोन महिन्यांत परत आले, पहिल्यापेक्षा जास्त. वैदेहीनं मला कधीतरी सांगितलं होतं, औषधानं दोन्ही मरतात, पण आधी परततो तो खाल्ला जाणारा. खाणाऱ्याला वेळ लागतो. त्याची संख्या कमी, त्याला भरलेलं रान लागतं. त्या वर्षापासून मी माझ्या बाजूची फवारणी बंद केली. लेखी दिलं तसं. शेजारी आता एक कोरियन कुटुंब आहे, त्यांची कुरकुर ऐकून घेते. हळदीकुंकू सोडून दिलं. बायकांना वाटतं मला गर्व झालाय. दर पावसात ओंडक्याची कड उचलायची. गोगलगायी असायच्या, मुंग्या असायच्या. पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्याही नाही.

आज ते सात वाणी मोजून झाले आणि मी तशीच एका सपातेनं मागे गेले. ओंडका आता जवळजवळ मातीच झालाय. कड उचलली तर हातात तुकडा आला. आणि त्याच्याखाली लाल. चार, नाही, पाच. एका वाण्याला लागलेले. अगदी तसेच, गप्प. मी तिथेच ओल्या गवतात बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, नाक वाहेपर्यंत. श्रीकांत धावत आला, त्याला वाटलं काही चावलं. मी त्याला म्हटलं, "तू जा. मला फोन करायचाय."

वैदेहीचं नि माझं आता दिवाळीच्या दिव्यांची चित्रं पाठवण्याइतकंच राहिलंय. ती पुण्यात अकरावी-बारावीचे जीवशास्त्राचे क्लास घेते. मी फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मग मी फोन लावला. तिनं उचलला, "अय्या, बोल गं," आवाज तोच. मी थांबले असते तर पुन्हा चार वर्षं गेली असती, म्हणून एका दमात बोलून टाकलं. फवारणी, हळदीकुंकू, तो माणूस, 'बिहाइंड ऑल्सो', पाइप, सगळं. तो अर्धा बाहेर आलेला एक, तेही.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिनं गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"मला माहीत होतं," वैदेही म्हणाली. "लाकडाला वास येत होता. पंधरा वर्षं प्राणिशास्त्र शिकवलंय मी, औषधाचा वास मला कळणार नाही?"

मी ओंडक्याचा तो तुकडा हळूच परत जागेवर ठेवला.

"किड्यांचं मी सोडून दिलं होतं गं. खरंच. नशीब म्हटलं. पण तू सांगशील म्हणून थांबले होते मी. तू रोज डबा घेऊन यायचीस, मला वाटायचं आज सांगेल. विमानतळावर तू मिठी मारलीस, तेव्हा म्हटलं, आता. आणि तू मला काय विचारलंस आठवतंय? बॅगांचं वजन जास्त तर नाही ना झालं?"

मी माफी मागितली. कितीदा मागितली मोजलं नाही. ती मध्ये मध्ये "असू दे गं," म्हणत होती, तिच्या दारात कुणी मुलं आली होती, त्यांना "बसा, आलेच," म्हणत होती. फोन ठेवायची वेळ झाली हे मला कळत होतं. मी घाईघाईनं म्हटलं, "वैदेही, मी येऊ का तिकडे? पुढच्या आठवड्यात येते. दोन दिवस. तुला भेटायला."

"कशाला?" ती म्हणाली.

रागानं म्हणाली असती तर मी तिकीट काढलं असतं. मी कशासाठी यायचं, हे तिला खरंच कळलं नव्हतं, म्हणून विचारलं तिनं.